वाचनालय काढून जिम करायची म्हणतात. आधी सांगा, ते वाचनालय नेमकं काय काम करतंय?

लेआउटवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

प्रश्न आमच्या लेआउटचा आहे, पण प्रत्येक वस्तीत कधी ना कधी येतोच, म्हणून इथे टाकतोय.

आमचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, दक्षिण नागपुरातलं, ऐंशीच्या दशकातलं. सार्वजनिक वापरासाठी सोडलेल्या तुकड्यावर तेव्हाच्या लोकांनी वर्गणी काढून हॉल बांधला आणि नागरिक मंडळाचं वाचनालय सुरू केलं. आज पुस्तक घरी नेणारं जवळपास कोणी उरलेलं नाही. नव्या कार्यकारिणीतली पोरं म्हणतात, पुस्तकं एखाद्या शाळेला देऊन टाकू, ट्रेडमिल आणू, महिन्याची फी लावू, निदान हॉलचं वीजबिल तरी निघेल. ज्येष्ठांचा कडाडून विरोध. कारण विचारलं की ‘वाचनसंस्कृती’. यातल्या बहुतेकांच्या नावापुढे रजिस्टरमध्ये कितीतरी दिवसांत नोंद नाही.

म्हणून एका सकाळी मी तिथे नुसता जाऊन बसलो. साडेसातला कुलूप निघालं. लाकडी उतरत्या स्टँडवर पेपर लोखंडी पट्टीत अडकवून ठेवतात, समोर उभं राहून वाचायचा. प्रत्येकाच्या घरी पेपर येतो, बरं का. तरी इथे येऊन तोच पेपर वाचतात. एक आजोबा शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवतात आणि अर्धं मुद्दाम सोडून देतात, कारण उरलेलं अर्धं दुसऱ्या एकांसाठी असतं. ते दुसरे आले नाहीत. नऊ वाजेपर्यंत कोडं तसंच. मग पहिल्यांनी खिशातून फोन काढला आणि त्या दुसऱ्यांच्या सुनेला लावला. बीपी वाढलं होतं म्हणून आले नव्हते.

मंडळाच्या घटनेत लिहिलंय, ‘नागरिकांत वाचनाची गोडी निर्माण करणे’. ते काम संपल्यात जमा आहे. पण रोज सकाळी कोण आलं आणि कोण नाही हे बघायचं काम तिथे चोख चाललंय, आणि ते कुठेच लिहिलेलं नाही. रविवारी सभा आहे. मला विचारायचंय ते हे की संस्था ठेवायची की मोडायची हे लिहिलेल्या कामावरून ठरवायचं की न लिहिलेल्या? तुमच्याकडची उदाहरणं द्या.

पानठेला

भाऊ, जिम करा अन् गेटवर एक पानठेला टाकू द्या. कोण आलं, कोण नाई, कोणाचं बीपी, कोणाची पोरगी कुठं दिली, सगळं रजिस्टर तिथंच मेंटेन होते. फी बी नाई.

निवृत्त_मास्तर

पानठेला यांनी थट्टेत बरोबर मुद्दा मांडलाय, त्यावर येतो.

लेआउटवाले, तुमचा प्रश्न मानवशास्त्रात शंभर वर्षांचा आहे. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मूळचा पोलंडचा माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, तिथली भाषा शिकला. पुढे त्यानं मांडणी केली की माणसाच्या मूळ गरजा सात: पोट, प्रजनन, शरीराला आराम, सुरक्षितता, हालचाल, वाढ आणि आरोग्य. या गरजा एकेकट्यानं भागत नाहीत, माणसं एकत्र येऊन त्या भागवतात, आणि त्या एकत्र येण्याला घडी बसली की ती संस्था. प्रत्येक संस्थेत तो सहा गोष्टी बघायचा: सनद, माणसं, नियम, साधनसामग्री, प्रत्यक्ष व्यवहार आणि कार्य. यातली पहिली आणि शेवटची त्यानं मुद्दाम वेगळी ठेवली. लोक स्वतः सांगतात ती सनद. प्रत्यक्षात घडतं ते कार्य. तुमची ‘वाचनाची गोडी’ ही सनद आणि सुनेला गेलेला फोन हे कार्य.

त्याचं एक निरीक्षण मी वर्गात हमखास सांगायचो. बेटाच्या आतल्या शांत पाण्यात मासेमारी सोपी आणि खात्रीची, तिथे कोणी मंत्र म्हणत नाही. तीच माणसं खुल्या समुद्रात निघाली की जादूटोण्याचे विधी सुरू. मासे किती मिळतील, होडी परतेल की नाही, कशाचीच शाश्वती नसते. मंत्रानं मासे वाढत नाहीत, पण होडीत पाय टाकायचं बळ येतं आणि दहाजण एका शिस्तीत वल्ही मारतात.

पुढे १९४९ मध्ये रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं उघड कार्य आणि सुप्त कार्य अशी विभागणी केली. अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या पावसाच्या विधीचं उदाहरण त्यानं दिलं. पाऊस पडो न पडो, विखुरलेली माणसं एका ठिकाणी येतात. पण मर्टननं अजून एक गोष्ट सांगितली, ती ज्येष्ठांना आवडणार नाही. तीच गरज दुसरी एखादी रचनाही भागवू शकते. म्हणजे वाचनालय पवित्र नाही. पानठेला चालेल, देऊळ चालेल, जिमसुद्धा चालेल, तिथे आज कोण आलं नाही हे कोणाच्या लक्षात येणार असेल तर. कानात बोंडं घालून भिंतीकडे तोंड करून धावणाऱ्या माणसाकडून मला ती आशा नाही, पण हे माझं वय बोलतंय असं समजा.

दूरदेशी

मास्तर, जिमबद्दल असहमत. मी बंगळुरूला आहे, इथे माझी ओळखीची माणसं म्हणजे जिममधलीच. स्पॉटर लागतो, मागे उभा राहणारा. आठवडाभर दिसलो नाही तर मेसेज येतो. पंचविशीतल्या पोरांना शब्दकोडं द्या म्हणणं म्हणजे त्यांना घरी बसा म्हणणं आहे.

प्रज्ञा_इंदोरा

मास्तर, मांडणी नेटकी आहे. माझा आक्षेप ‘गरज’ या ठिकाणी आहे. कोणाची गरज? संस्था गरज भागवते असं म्हटलं की जी संस्था आहे ती आपोआप शहाणी ठरते.

बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठातल्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी संस्थेच्या कार्याचाच शोध घेतलाय, पण काय पद्धतीनं बघा. जात टिकते ती गटातच लग्न लावण्यामुळे. गटातच लग्न लावायचं तर बायका आणि पुरुष यांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई ‘जास्तीची’ होते. तिनं गटाबाहेर लग्न केलं तर भिंत फुटते, गटातल्या दुसऱ्याशी केलं तर एका कुमारिकेचा वर गेला. मग तिला जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली तर पुरुष जास्तीचा, पण त्याला कोण जाळणार? त्याच्यासाठी अजून वयातही न आलेली मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह, तिन्ही प्रथा एका हिशेबात बसतात. आणि त्या प्रथांचा गौरव करणारं तत्त्वज्ञान नंतर येतं, असं ते म्हणतात.

म्हणजे या संस्थांनी गरज भागवली. कोणाच्या अंगावर, ते बघा.

मर्टनचा पर्यायी रचनेचा मुद्दा मात्र मी घेते, कारण तो आम्ही नागपूरकरांनी डोळ्यांनी बघितलाय. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धर्म बदलला. त्यानंतर रोजच्या जगण्यात काय झालं? लग्न लावायला कोणी हवं, बारसं हवं, माणूस गेला तर काहीतरी करायला हवं, रविवारी मुलांना न्यायला जागा हवी. गरजा कुठेच गेल्या नव्हत्या. बावीस प्रतिज्ञांपैकी काही थेट याबद्दलच आहेत: श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून कोणताही क्रियाकर्म करवून घेणार नाही. मग प्रत्येक वस्तीत विहार उभं राहिलं. आमच्याकडे तेरवी नाही, पुण्यानुमोदन असतं. संध्याकाळी वंदना झाली की त्याच हॉलमध्ये सतरंज्या गुंडाळून टेबलं लागतात आणि स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री अकरा-बारापर्यंत बसतात. एका खोलीच्या घरात अभ्यास होत नाही ही गरज कुठल्याही धर्मग्रंथात नाही, पण आमच्या विहारानं ती ओळखली.

लेआउटवाले दादा, तुम्हाला एकच विचारते. सकाळी साडेसातला तुमच्या लेआउटमधल्या बाया कुठे असतात?

लेआउटवाला

डबे भरत असतात. वाचनालयात एकही बाई नसते. खरं सांगायचं तर दुपारी तो हॉल कुलूपबंदच असतो.

धरमपेठची_काकू

प्रज्ञा, बरं विचारलंस गं. आता मी सांगते बाया कुठे असतात. बाया भिशीत असतात.

पुरुषमंडळींना वाटतं भिशी म्हणजे सामोसे. हिशेब ऐका. वीस जणी, महिन्याला दोन दोन हजार, म्हणजे चाळीस हजार. स्टीलच्या डब्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, घरातलं सगळ्यात लहान लेकरू चिठ्ठी काढणार, जिचं नाव तिला पूर्ण रक्कम. तिचं नाव बाद, पण पैसे शेवटपर्यंत भरायचे. म्हणजे पहिलीला बिनव्याजी कर्ज मिळालं आणि विसावीची बचत झाली. विसाव्या महिन्यात डबा हलवावा लागत नाही, तरी आम्ही हलवतो. कोणी लिलावाची भिशी चालवतात, बोली लावून कमी रकमेत उचलायची आणि उरलेले सगळ्यांत वाटायचे. ती व्यापाऱ्यांच्या बायकांची, गांधीबाग-इतवारीकडे जास्त. आमची चिठ्ठीची.

आता न लिहिलेलं. एकीच्या मुलाची इंजिनिअरिंगची फी जुलैत भरायची होती. चिठ्ठी दुसरीची निघाली. त्या दुसरीनं चिठ्ठी उघडली, वाचली, परत घडी घातली आणि म्हणाली, ‘हिचं नाव आलंय’. आम्ही सगळ्यांनी अक्षर बघितलं होतं. कोणी काही बोललं नाही, मटाराच्या करंज्या छान झाल्यात असं काहीतरी बोलून विषय पुढे गेला. बँकेत असं होत नाही.

दुसरं म्हणजे, पैसे द्यायला कोण उशीर करतंय यावरून कोणाच्या घरी काय बिनसलंय ते आम्हाला सगळ्यात आधी कळतं. नवऱ्याची नोकरी गेल्याचं एकीच्या सख्ख्या भावाला माहीत नव्हतं, आम्हाला होतं.

आणि तिसरं, जे आमच्या पिढीतल्या सगळ्या जणींना ठाऊक आहे. ‘मैत्रिणीकडे जाते’ म्हटलं की सासू विचारायची, कशाला? ‘भिशी आहे’ म्हटलं की विषय संपला. पैशाचं काम आहे ना. पैसा हा परवाना होता, महिन्यातून एक दुपार घराबाहेर बसण्याचा.

आता भाबडेपणा नको म्हणून हेही सांगते. आमच्या ओळखीत एका ठिकाणी चालवणारीच सगळ्यांचे पैसे घेऊन गाव सोडून गेली. कागद एकही नाही. चिट फंडाचा कायदा १९८२ चा आहे, नोंदणी आहे, सगळं आहे, पण घरातली भिशी कोण नोंदवतं? भरवशावर चालणारी गोष्ट भरवशावरच बुडते. त्यानंतर त्या बायांनी भिशी सोडली नाही, चालवणारी बदलली.

निवृत्त_मास्तर

काकू, चिठ्ठीची ती गोष्ट वर्गात सांगायला हवी होती. प्रज्ञाताई, आक्षेप मान्य. मर्टननंही हेच टोकलंय की एकाच संस्थेचा परिणाम एका गटाला पोषक आणि दुसऱ्याला मारक असू शकतो. पण मालिनोव्स्कीच्या यादीला हा प्रश्न पडत नाही, ते खरं.

इतवारीकर

मास्तर, तुमचे ते बेटं राहू द्या, आपल्या नागपूरच्या कापडाच्या एम्प्रेस मिलचं सांगतो. आमच्या घरी दोन पिढ्या मिलमधी होत्या.

जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला मिल चालू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीले हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून एम्प्रेस. आता गावाकडचा माणूस, मागावर नाईतर वावरात काम करणारा, त्याले रोज एका टायमाले भोंग्यावर यायची सवय कुठची? सण आला की गायब, पेरणी आली की गायब. मग मिलवाल्यानं काय केलं? १८८६ मधी पेन्शन फंड काढला, १८९५ मधी अपघात झाला तर भरपाई द्याचं ठरवलं. सरकारचा भरपाईचा कायदा आला १९२३ मधी, बघा किती उशिरा. मालकाची गरज कामगार टिकवाची, कामगाराची गरज म्हातारपणाची. दोन्ही एका रजिस्टरमधी बसल्या. दयेचं काम होतं का धंद्याचं, यावर आमच्या आज्याचं अन् काकाचं भांडण कधीच मिटलं नाई.

२००२ मधी मिल बंद झाली, आता तिथं मॉल आहे. पगार गेला हे सगळ्याइले दिसलं. न दिसलेलं सांगतो. मिलवाल्याले किराणा दुकानदार डोळे मिटून उधार देत होता, कारण पगाराची तारीख त्याले पाठ होती. पोरीचं स्थळ बघाले आलेले लोक ‘मिलमधी आहे’ म्हटलं की दुसरा प्रश्न विचारत नव्हते. मिल बंद झाल्यावर तोच माणूस, तीच इमानदारी, पण उधारी बंद. म्हणजे पत माणसाची नव्हती, मिलची होती. तो दुकानदार आमच्याच गल्लीतला, त्यालेही मी दोष देत नाई. त्याचा माल तर रोखीनंच येत होता.

कोष्ट्याइच्या वस्तीत तर आधी हातमाग बसले. मंग काही घरातल्या बायांनी चुलीवरच धंदा काढला. बाहेरचे लोक सावजी रस्सा खाऊन नाक पुसतात अन् म्हणतात काय झणझणीत आहे बाप्पा. त्यायले काय माहीत.

अन् मास्तर, तुमच्या सात गरजांमधी एक राहिली. शिव्या द्याची गरज. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत, म्हणजे बाईचा मोठा पुतळा, निघते, इकडून काळी निघते. काळी १८८१ ची अन् पिवळी १८८५ ची, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. काळी म्हणजे बांकाबाई, भोसल्याइच्या घरची, इंग्रजाइले सामील झाली म्हणून तिचा पुतळा. संगं बडगे असतात, तेही पुतळेच. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ज्या साली जो त्रास देईल त्याचा. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत अख्खं गाव रस्त्यावर. वर्षातून एक दिवस मोठ्या माणसाचं तोंड काळं कराचा परवाना, काकूच्या भिशीसारखा. दुसऱ्या दिवशी परत साहेब, नमस्कार साहेब.

प्रज्ञा_इंदोरा

इतवारीकर दादा, मारबत मलाही बघायला आवडते. पण दुसऱ्या दिवशी ‘नमस्कार साहेब’ हीच तर अडचण आहे. वाफ निघून गेली की झाकण उडत नाही. पुतळा जाळल्यानं भ्रष्टाचार कमी झाला असता तर इतक्या वर्षांत नागपूर निष्कलंक झालं असतं.

इतवारीकर

ताई, झाकण उडवाचं काम मोर्च्याचं. हिवाळी अधिवेशनात बघा ना, झाकणंच झाकणं. मारबतीले पोट्टेबाट्टे घेऊन जाता येते, मोर्च्याले नाई. दोन्ही पायजे.

वलगाव_फाटा

अमरावतीकडून दोन ओळी. मालिनोव्स्कीच्या सात गरजा वाचल्या आणि गाडगेबाबांची दशसूत्री आठवली. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र, गरीब मुलामुलींना शिक्षणाला मदत, बेघराला आसरा, अंध-पंगू-रोग्याला औषधोपचार, बेकाराला रोजगार, पशुपक्ष्यांना अभय, गरीब तरुण-तरुणींचं लग्न, आणि दहावं, दुःखी आणि निराश माणसाला हिंमत. शाळेत न गेलेल्या माणसानं गरजांची केलेली यादी आहे ही, आणि त्यात मुकी जनावरं आहेत, जी प्राध्यापकांच्या यादीत नाहीत.

बाबांनी नुसती यादी केली नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या. मुंबईत उपचाराला येणाऱ्या गरिबाच्या नातेवाइकांनी रात्री कुठे झोपायचं, हा प्रश्न त्यांना दिसला, कारण ते स्वतः उघड्यावर झोपणारे होते. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दवाखान्यांसमोर गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली माणसं बघा. पेशंटला खाट मिळते, त्याच्या बायकोला नाही. तिला दुपारी गरम जेवण आणि रात्री पाय पसरायला जागा हवी, आणि दवाखान्याच्या सनदेत ती नाही.

धरमपेठची_काकू

वलगाव, दवाखान्याचं काढलंत म्हणून. कमलाताई होस्पेटांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. त्या स्वतः बालविधवा. त्या काळी बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली आणि सुईण. घर नावाच्या संस्थेला ते काम नीट जमत नव्हतं, बाया मरत होत्या. आणि ते काम उचललं कोणी, तर ज्या बाईला तुमच्या जुन्या संस्थेनं ‘जास्तीची’ ठरवलं होतं तिनं. प्रज्ञा, हे तुझ्या निबंधाला जोडून घे.

प्रज्ञा_इंदोरा

घेतलं काकू. 🙏

लेआउटवाला

सभा झाली. थोडक्यात सांगतो कारण गोंधळच जास्त झाला. जिमचा ठराव पडला, पण वाचनालयही आहे तसं राहिलं नाही. सकाळी दहापर्यंत पेपर आणि ज्येष्ठ. दुपारी बायांना किल्ली. भिशी करा, शिवण करा, काही करू नका, मंडळ विचारणार नाही. रात्री अभ्यासिका, ती कल्पना प्रज्ञाताईंच्या विहारावरून उचलली. ज्येष्ठांपैकी एकांनी बायांना किल्ली द्यायला हरकत घेतली, ‘हॉल खराब होईल’ म्हणे. त्यांच्याच घरातून जोरात उत्तर आलं, ते इथे लिहीत नाही. तरुण पोरं नाराज आहेत, त्यांना बागेतल्या उघड्या जिमकडे बोट दाखवलं. दूरदेशी, तुझा स्पॉटरचा मुद्दा मी मांडला होता, कोणी ऐकला नाही.

दूरदेशी

अपेक्षित होतं. पाच वर्षांनी तुम्हीच म्हणाल, आमच्या लेआउटमध्ये तरुण का दिसत नाहीत.

सातवा_मजला

उशिरा आलोय. तुमच्याकडे निदान भांडायला हॉल आहे. आम्ही वर्धा रोडकडच्या एका फ्लॅट स्कीममध्ये राहतो. तळाला पार्किंग, वर गच्ची, गच्चीला कुलूप.

मध्यंतरी शेजारचे काका रात्री गेले. मुलगा हैदराबादला, सकाळच्या विमानानं निघालेला. स्कीमच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं धडाधड आली, पण दारं तीन उघडली. त्यात आम्ही सगळे चाळिशीच्या आतबाहेरचे, नोकरीवाले, आणि एकालाही पुढे काय करायचं हे माहीत नाही. सामान कुठे मिळतं, घाटावर कोणाला सांगायचं, दाखला आधी की नंतर. लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही हे त्या रात्री कळलं. सात मजले जिन्यानं, वळणावर प्रत्येक वेळी उभं करून.

तिरडी बांधायला आला तो आमचा चौकीदार. बालाघाटकडचा. दोन लांब बांबू, मध्ये आडव्या कामट्या, आणि सुतळीचे फेर असे की कुठेही गाठ सैल राहत नाही. बांधता बांधता तो आम्हाला हुकूम देत होता, साहेब तुम्ही इथे धरा, तुम्ही मडकं बघा. रोज ज्याला आम्ही ‘गाडी बाहेर काढ रे’ म्हणतो तो. त्याला गावात हे सगळ्यांना येतं, म्हणाला. शिकवत कोणी नाही, लहानपणापासून बघतात.

माझा प्रश्न मास्तरांना: ही गरज जिथे कोणतीच संस्था भागवत नाही तिथे सुरुवात कुठून करायची?

इतवारीकर

भाऊ, महालात अजूनही एक पोट्टा घरोघरी सांगत जाते, मातीले चला. बांधणारा ठरलेला असते. परतल्यावर त्या घरात चूल पेटत नाई, शेजारून पिठलं-भाकर येते, कडू घास म्हणतात. दुःखात माणूस रांधत नाई पण लेकराइले भूक लागतेच, म्हणून ते. कोणी सांगा लागत नाई. पण खोटं कायले बोलू, आमच्याकडेही पोट्टे पुण्याले गेले, खांदा द्याले आता म्हातारेच उरले.

प्रज्ञा_इंदोरा

आणि इतवारीकर दादा, ‘खांदा द्यायला पोरं नाहीत’ म्हणता तेव्हा पोरी मोजल्याच जात नाहीत. माझ्या आजीला आम्ही नातींनी खांदा दिला.

निवृत्त_मास्तर

संस्था ठरावानं सुरू होत नाहीत, बहुतेक वेळा एका नडीतून होतात. एक माणूस काहीतरी करतो, दुसऱ्या वेळी त्यालाच बोलावतात, तिसऱ्या वेळी तो नियम झालेला असतो. तुमच्याकडे पहिली वेळ होऊन गेली आहे. त्या चौकीदाराला विचारा की काय काय लागतं, कागदावर उतरवा, तो कागद लिफ्टशेजारी नाही पण ग्रुपवर ठेवा. घाटाचा फोन, शववाहिनी, सामान, रात्री गाडी काढू शकणारी चार नावं. आणि स्ट्रेचर विकत घ्या, घडीचं, जिन्यातून वळणारं. जिवंत माणसालाही लागतं ते.

सातवा_मजला

मास्तर, तुमचा मेसेज वाचून आजच सचिवांकडे गेलो. यादी करू म्हणाले, हरकत नाही. स्ट्रेचरवर गाडी अडली. खर्च कोणत्या हेडखाली दाखवायचा म्हणे. मी म्हटलं ‘इतर’ लिहा. तर ‘इतर’मध्ये गणपतीचा मंडप आहे आणि ऑडिटर आधीच ओरडतोय.

पानठेला

मंग ‘लिफ्ट दुरुस्ती’त टाका ना भाऊ. लिफ्टमधी मावत नाई म्हणूनच तर घेऊन राहिले.